नाईट शिफ्टची झोप: आदल्या आठवड्यापासून घरी पोचेपर्यंत काय, कधी आणि कुठल्या क्रमाने

लोटे, महाड, रोहा, आपल्या पट्ट्यातल्या कुठल्याही एमआयडीसीत केमिकल प्लान्टवर थर्ड शिफ्ट (रात्री ११ ते सकाळी ७) करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आधी ऑपरेटर आणि मग शिफ्ट इन्चार्ज म्हणून बरीच वर्षं काढली, आणि दर आंबा सीझनला, दर लावणीला तीच चूक नवी पोरं करताना बघतो. नाईटची तयारी म्हणजे डबा, टॉर्च, रेनकोट. झोप मात्र उरलासुरला वेळ मिळाला तर.

एक हिशोब करून बघा. सकाळी ६ ला उठलात, दिवसभर घरचं-शेताचं केलंत, रात्री ११ ला पंचिंग केलंत. म्हणजे कामाला हात लावायच्या आधीच १७ तास जागे. १७ तास जागा असलेला माणूस हाताने-डोळ्याने तेवढाच मंद होतो जेवढा रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेला होतो, आणि २४ तासांनंतर हे ०.१० टक्क्याच्या बरोबरीला जातं. हे १९९७ साली ऑस्ट्रेलियात माणसांवर मोजून दाखवलेलं आहे. आपल्याकडे गाडी चालवायची कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के. दारू पिऊन आलेल्याला आपण गेटवरून परत पाठवतो आणि १७ तास जाग्या माणसाला रिॲक्टरवर उभा करतो, ते पण पहाट व्हायच्या आधीच.

खाली सांगतोय तो क्रम महत्त्वाचा आहे. लोक एखादी गोष्ट उचलतात, बहुतेक चहाची, आणि बाकी सोडून देतात, मग म्हणतात काही उपयोग होत नाही.

१. आदला आठवडा: घर आणि खोली

शिफ्ट चार्ट हातात आला की त्याची झेरॉक्स घरात लावा, फ्रीजवर, कपाटावर, जिथे सगळ्यांना दिसेल तिथे, आणि नाईटचे दिवस लाल पेनाने गोल करा. नुसतं तोंडी सांगून भागत नाही, कारण आईला वाटतं पोरगा घरीच आहे तर जरा रेशनला जाऊन येईल, भावाला वाटतं भाताचा तरवा (रोपं) काढायला एक माणूस वाढला. यात कोणाची चूक नाही, दिवसा झोपलेला माणूस आपल्याकडे मोकळाच समजतात. म्हणून त्या आठवड्यात सकाळी ९ ते दुपारी २ मला नाही असं धरा, हे आधीच बोलून घ्या. लावणीच्या दिवसांत नाईट आली तर एक तर शिफ्ट बदलून मागा नाहीतर एक गडी जास्त लावा, तो खर्च परवडतो.

खोली कुठली निवडता यावर फार अवलंबून आहे. नवीन घरात वरची स्लॅबखालची खोली सगळ्यांना आवडते पण एप्रिल-मे मध्ये सकाळी १० नंतर तिथे भट्टी होते, घामाने जाग येते ती येतेच. जुनं कौलारू घर असेल तर माजघर, नाहीतर तळमजल्यावरची उत्तरेकडची खोली बघा. खिडकीला जाड काळा कपडा, तो नसेल तर जुनी चादर दुहेरी करून खिळ्याने ठोका, दिसायला कसंही असो. पंखा चालू ठेवा, वारा तर मिळतोच पण त्या घुं आवाजात मासेवाल्याचा भोंगा आणि शेजारची भांडी दोन्ही बुडतात. लाईट जाणारा भाग असेल तर इन्व्हर्टरवर पहिलं कनेक्शन या पंख्याचं घ्या, टीव्हीचं नको.

चेक: दुपारी १२ ला त्या खोलीत दार लावून उभे रहा. हात लांब धरून बोटं स्पष्ट मोजता आली तर अंधार कमी आहे.

२. पहिल्या रात्रीचा दिवस (सगळ्यात जास्त इथेच चुकतं)

पहिली नाईट ही आठवड्यातली सगळ्यात वाईट रात्र असू शकते, कारण शरीर अजून दिवसाच्या घड्याळावर आणि तुम्ही सकाळपासून उठलेले. म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपा, सकाळी जमेल तेवढं उशिरा उठा, ८ वाजले तरी चालेल. जेवण साडेबाराच्या आत आणि हलकं. मग दीड-दोनला आडवं व्हायचं, निदान दीड तास, जमलं तर तीन तास.

दुपारीच का, तर दुपारी १ ते ४ मध्ये शरीराला आपसूक एक छोटी सुस्ती येते, ती जेवणामुळे नाही, जेवला नाहीत तरी येते, तिचा फायदा उठवायचा. बहुतेक लोक काय करतात, दिवसभर काम उरकतात आणि म्हणतात संध्याकाळी ७-८ ला जरा पडतो. पण नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास शरीर सगळ्यात जास्त जागं असतं, त्या वेळी अंथरुणावर नुसती तळमळ होते, वर घरात जेवणाची गडबड आणि टीव्ही. मग झोप न होताच बसमध्ये बसतात. ही एक गोष्ट सुधारलीत तरी फरक कळेल.

दुपारी डोळा लागला नाही तरी अंधारात पडून रहा, मोबाईल दुसऱ्या खोलीत.

सावधान: पावसाळ्यात सर्दी झाली की मेडिकलमधून गोळी आणून टाकायची सवय आहे आपल्याला. क्लोरफेनिरामाईन असलेल्या सर्दीच्या गोळ्या चांगल्याच झोप आणतात, सेटिरिझिन काहींना आणते. नाईटच्या आधी घेऊ नका, डॉक्टरला आधी सांगा की रात्री मशीनवर असतो, दुसरं औषध मिळतं.

चेक: घरातून निघताना शेवटच्या झोपेतून उठून किती तास झाले ते मोजा. ७-८ तास म्हणजे ठीक. १२ च्या वर गेले असतील तर शिफ्ट इन्चार्जला सांगायचंच, कसं ते पुढे येतंय.

३. ११ ते २: अवघड काम आत्ता

हँडओव्हर घेताना बॅच (रिॲक्टरमध्ये चालू असलेला माल) कुठे आहे हे सगळे विचारतात. त्याच वेळी इन्चार्जला एक वाक्य सांगा: आज किती झोप झालीय. लाज वाटते, कळतं मला, पण पीपीई नसेल तर सांगता ना, तसंच हे.

मग कामं लावून घ्यायची. टँकर अनलोडिंग, केमिकलची पाईपलाईन उघडायचं काम, चार्जिंगच्या (रिॲक्टरमध्ये माल भरायच्या) ज्या स्टेपला उष्णता सुटते ती, जे काही चुकल्यावर परत फिरवता येत नाही ते, सगळं २ च्या आत बसतंय का बघा. बॅच आपल्या सोयीने थांबत नाही हे मान्य, पण सेकंड शिफ्टबरोबर बोलून एक तास पुढे-मागे करणं बऱ्याचदा जमतं, फक्त कोणी विचारत नाही.

चहा-कॉफी याच भागात. घेतल्यावर असर यायला २०-३० मिनिटं लागतात आणि निम्मी ताकद उतरायला साधारण ५ तास, कोणाला जास्तच. सकाळी साडेआठला झोपायचं असेल तर शेवटचा कप ३ च्या पुढे नको. पहाटे ५ चा तो गोड कडक चहा, ज्याच्यावर अख्खा प्लान्ट चालतो, तोच तुमची घरची झोप खातो.

डबा १ च्या आसपास, थोडा. भात-मटण पोटभर खाऊन ३ वाजता कंट्रोल पॅनलसमोर बसू नका. भाकरी-भाजी किंवा थोडा डाळभात पुरे, बाकी अर्धं सकाळी घरी. पाणी पीत रहा, प्लान्टच्या उकाड्यात घाम किती जातो ते रात्री लक्षात येत नाही आणि पाणी कमी पडलं की डोकं जड होतं.

४. ३ ते ५: इथे स्वतःवर भरवसा ठेवायचा नाही

या दोन तासांत शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं आणि लक्षही. तुम्ही कितीही जुने असा. उलट जुन्यांना जास्त धोका, कारण हात सवयीने चालत राहतो आणि डोकं बंद असतं.

माझंच सांगतो. मे महिना, तिसरी नाईट, त्या दिवशी सकाळी घरी जाऊन झोपायच्या ऐवजी आंबे काढायचा झेला घेऊन कलमांवर चढलो होतो कारण दुसऱ्या दिवशी गाडी जाणार होती वाशीला. दुपारी तासभर डोळा लागला असेल. सातला फर्स्टचा माणूस आला, त्याने लॉगबुक बघितलं आणि काही न बोलता माझ्यासमोर ठेवलं. तीन, चार आणि पाचच्या रकान्यात रिॲक्टरच्या जॅकेटचं (बाहेरच्या कवचाचं) तापमान ३८, ३८, ३८. अक्षर प्रत्येक ओळीला खाली उतरत गेलेलं, पाचच्या आकड्यातल्या ८ चं शेपूट ओढत खालच्या रकान्यात गेलेलं. कॉम्प्युटरच्या ट्रेंडवर (आलेखावर) तापमान ३८ वरून ४४ ला गेलं होतं. मी ते आकडे लिहिल्याचं मला आठवतच नव्हतं. कूलिंगला वाव होता म्हणून त्याने येऊन सावरलं. मी झोपलो होतो असं मला आजही वाटत नाही, डोळे उघडेच होते. यालाच म्हणतात मायक्रोस्लीप, काही सेकंदांची झोप, आणि ती घेणाऱ्याला पत्ता लागत नाही.

म्हणून या दोन तासांसाठी काही नियम ठरवून ठेवा.

एकट्याने कुठलाही महत्त्वाचा व्हॉल्व्ह फिरवायचा नाही. दोघं जायचं, एकाने व्हॉल्व्हवरचा टॅग नंबर बोटाने दाखवून मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने बॅचशीटवर बघून हो म्हणायचं. कोकण रेल्वेच्या इंजिनात लोको पायलट आणि असिस्टंट प्रत्येक सिग्नल असाच मोठ्याने एकमेकांना सांगतात, ते काही हौस म्हणून नाही. तोंडातून शब्द काढायला डोकं जागं व्हावंच लागतं.

रीडिंग घेताना आधीच्या रकान्यावर हात ठेवा. आधीचा आकडा दिसला की हात तोच लिहितो.

नवीन परमिट (धोक्याच्या कामाची लेखी परवानगी) या वेळात चालू करायचं नाही. इमर्जन्सी सोडून.

कंट्रोल रूमचे दिवे पूर्ण लावा. अर्धे बंद करून एसी १८ वर ठेवून खुर्चीत मागे रेलणं बंद, दर अर्ध्या तासाने उठून एक फेरी.

डुलकीबद्दल स्पष्ट बोलतो. लपून टेबलावर डोकं टाकणं सगळीकडे चालतं आणि तेच सगळ्यात धोक्याचं आहे, कारण पॅनल कोणाच्याच ताब्यात नसतो. त्यापेक्षा जिथे कंपनी परवानगी देते तिथे उघडपणे, इन्चार्जला सांगून, दुसऱ्याला पॅनल देऊन, २० मिनिटांचा अलार्म लावून झोपा. नासाने लांबच्या विमानांच्या वैमानिकांना ४० मिनिटांची विश्रांती देऊन बघितलं होतं, सरासरी २६ मिनिटं झोप लागली आणि तेवढ्यानेही ते चांगलेच ताजे झाले. डुलकीला जायच्या आधी अर्धा कप कॉफी घेतली तर उठेपर्यंत तिचा असर चालू होतो, फक्त ३ च्या आत. मोठी झोप नको, पाऊण-एक तासाच्या झोपेतून मधेच उठलं की माणूस जास्त बधिर असतो.

सावधान: डुलकीतून उठल्या उठल्या व्हॉल्व्हला हात नाही. तोंड धुवा, १५-२० मिनिटं चालून-फिरून घ्या, मग काम.

सावधान, आणि हे सगळ्यांनी पाठ करा: एकाच ठिकाणी दोघांना एकदम पेंग येतेय, डोकं दुखतंय, मळमळतंय, तर ती झोप आहे असं समजू नका. टोल्युइनसारख्या सॉल्व्हंटच्या वाफेनेही असंच होतं. आधी बाहेर मोकळ्यावर या, इन्चार्जला कळवा, गॅस डिटेक्टर लावून बघा. बंद टाकीत कोणी सुस्त दिसला तर त्याला काढायला तसंच आत उतरू नका.

५. सात वाजता: हँडओव्हर आणि रस्ता

हँडओव्हर लिहून आणि बोलून, दोन्ही. रात्रभर जाग्या माणसाला वाटतं मी सांगितलं, प्रत्यक्षात मनातच म्हटलेलं असतं. चालू बॅच, बायपास केलेला अलार्म, अर्धवट परमिट हे तीन मुद्दे समोरच्याकडून परत म्हणवून घ्या.

आता रस्ता. शिफ्टपेक्षा इथे जास्त माणसं गेलीत असं माझं मत आहे, कारण गेटबाहेर पडलं की आपण सुटलो असं वाटतं. लोट्याहून चिपळूणला जाणाऱ्यांना परशुराम घाट, खेडला जाणाऱ्यांना भोस्ते घाट, दोन्हीकडे वळणं, उतार आणि अवजड गाड्या. ५० च्या स्पीडला बाईक सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला तर ५५ मीटर, तेवढ्यात वळण येऊन गेलेलं असतं.

कंपनीची बस असेल तर नाईटच्या आठवड्यात बाईक घरी ठेवा, बस फिरून जात असली तरी. बाईक न्यावीच लागत असेल तर शिफ्ट सुटल्यावर रेस्ट रूममध्ये २० मिनिटं झोपा, तोंड धुवा, मग निघा. वाटेत जांभया सुरू झाल्या, मागचा एक-दोन किलोमीटर रस्ता आठवत नाही, गाडी पांढऱ्या पट्टीकडे जातेय, असं काहीही झालं तर थांबा. गाणी लावून, तोंडावर वारा घेऊन झोप जात नाही, नुसती आपली समजूत होते.

काळ्या गॉगलचा सल्ला तुम्ही ऐकला असेल, की सकाळचा उजेड डोळ्यात गेला तर नंतर झोप लागत नाही. ते खरं आहे, पण बसमधल्यांसाठी. गाडी चालवणाऱ्याला तोच उजेड जागं ठेवतो, त्याने लावू नये.

६. घरी: दोन तुकड्यांत झोप

आंघोळ कोमट पाण्याने, थोडी पेज नाहीतर मऊभात, आणि साडेआठ-नऊपर्यंत खोलीत. उपाशी झोपू नका, भुकेने ११ ला जाग येते. दिवसाची झोप रात्रीइतकी लांबत नाही, पाच तास झाले की बहुतेकांना जाग येतेच, घाबरायचं काही नाही. २ ला उठा, जेवा, घरच्यांत बसा आणि रात्री निघायच्या आधी परत एक तास-दीड तास झोपा. पहिल्या नाईटला संध्याकाळी झोप लागत नाही, पण दोन-तीन रात्रींनंतर थकव्याने लागते, म्हणून हा दुसरा तुकडा जमतो. दोन्ही मिळून ७ तासांचं गणित बसवायचं.

आणि कलमं, शेत, होडीची डागडुजी, जे असेल ते २ नंतर. नाईटवरून थेट झाडावर चढायचं नाही, हे मी हात जोडून सांगतोय. शिमग्यात पालखी घरी येणार त्या दिवशी तर रजाच टाका, कारण ढोल वाजत असताना झोप लागणार नाही आणि लागू पण नये, तो आनंद आपला आहे.

दारू पिऊन झोपायची सवय असेल तर ती झोप तुटक असते, तीन तासांत डोळे उघडतात. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने नाही. जोरात घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं बायको सांगत असेल आणि सात तास झोपूनही दिवसभर पेंग येत असेल तर छातीच्या नाहीतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. तो आजार असतो, त्याला उपचार आहे.

चेक: चौथ्या दिवसापर्यंत रोज किती झोप झाली ते कॅलेंडरवर लिहा. रोज ६ तास किंवा त्याहून कमी झोपून दोन आठवडे काढले तर माणूस एक-दोन रात्री सलग जागल्यासारखा चुका करायला लागतो, आणि त्याला स्वतःला वाटत असतं की सवय झाली. म्हणून अंदाज नको, आकडा लिहा.

७. शेवटची नाईट संपल्यावर

सकाळी फक्त दोन-तीन तास झोपा, अलार्म लावून उठा, दुपारी उन्हात फिरा, रात्री लवकर झोपा. सुट्टीचा अख्खा दिवस झोपून काढलात तर रात्री जागे रहाल आणि फर्स्टला हजर होताना परत तेच रडगाणं.

८. शिफ्ट इन्चार्जसाठी

वरचं सगळं ऑपरेटरने केलं आणि तुम्ही त्याला डबल (सलग दोन शिफ्ट) मारायला लावलंत तर सगळं वाया.

गणपतीत आणि शिमग्यात रजा एकदम पडतात, रिलीव्हर (सुटका करणारा माणूस) येत नाही, आणि जो चांगला, नाही न म्हणणारा माणूस असतो त्याच्यावरच डबल पडते. नाईट करून फर्स्टला थांबवणं सगळ्यात वाईट, दुपारी ३ पर्यंत तो कधीचा जागा असतो मोजा. थांबवावंच लागलं तर चार तासांवर तोडा, सेकंडच्या माणसाला लवकर बोलवा, त्याला पॅनल-रिॲक्टर न देता हलकं काम द्या, आणि घरी सोडायला गाडी द्या. बाईकची चावी गेटवर ठेवून घ्या. सणांचा रजेचा चार्ट महिनाभर आधी करा, गणपतीची तारीख काही अचानक येत नाही.

सलग किती दिवस झाले याचीही यादी ठेवा. २००५ साली अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत स्फोट होऊन १५ माणसं गेली, तिथले काही ऑपरेटर २९ किंवा जास्त दिवस रोज १२ तास, सुट्टीशिवाय काम करत होते असं सरकारी चौकशीत निघालं. स्फोट भर दुपारी झाला होता. ओव्हरटाईम कामगारालाच हवा असतो हे मला माहीत आहे, मीही घेतलाय, तरी नाही म्हणायचं काम इन्चार्जचं.

चार्ट करताना फर्स्ट, मग सेकंड, मग थर्ड अशीच फिरवा. उलटी फिरवली की शरीराला दर वेळी लवकर झोपायला लागतं, ते त्याला जमत नाही.

आणि कोणी येऊन म्हणाला आज झोप झाली नाही, तर त्याला सगळ्यांसमोर बोलू नका, गैरहजेरी लावू नका. एकदा तसं केलंत की पुढे कोणी सांगणार नाही. आमच्याकडे हँडओव्हर रजिस्टरमध्ये सहीच्या आधी दोन छोटे रकाने छापून घेतले, गेल्या २४ तासांत किती झोप, आणि किती तास जागा. पहिला महिना सगळ्यांनी ७ आणि ८ लिहिलं. दुसऱ्या महिन्यात एका कंत्राटी पोराने ३ लिहिलं, त्याच्या घरी आजारपण होतं. त्याला त्या रात्री ड्रम मोजायला स्टोअरला पाठवलं, त्याचा पगार कापला नाही. त्यानंतर रकान्यात खरे आकडे यायला लागले.